बॉयकॉट : एका आडनावाची गोष्ट

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द आपण सभांतून आणि वर्तमानपत्रांतून कितीदा तरी ऐकतो. पण मुळात हा शब्दच नव्हे, बरं का! ते एका माणसाचे आडनाव. त्याचे क्रियापद झाले, आणि तेही तो माणूस हयात असताना.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हे आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी. १८७९ साली पीक बुडाले. पुढच्या साली कुळांनी खंडात रुपयास चार आणे या हिशेबाने सूट मागितली. जमीनदार दहा टक्क्यांपुढे जाईना. कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या.

थोडेच दिवस आधी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, आयरिश पुढारी पार्नेल यांनी एनिस गावच्या सभेत एक उपाय सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला गोळी घालू नका. बाजारात, रस्त्यात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याला एकटा पाडा. लोकांनी हाच उपाय बॉयकॉटसाहेबांवर चालवला. मजूर काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात, धोबीण कपडे धुईना. उभे पीक काढायला अल्स्टरहून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई! सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडले, असा त्या वेळचा अंदाज होता. १ डिसेंबरला साहेबांनी मुक्काम हलवला.

या प्रकाराला नाव काय द्यावे? इंग्रजीत ‘ऑस्ट्रॅसाइझ’ असा एक भारदस्त शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव लिहीत, आणि त्याला दहा वर्षे शहराबाहेर राहावे लागे. त्या ‘खापरी’वरून हा शब्द आला. पण शेतकऱ्यांना तो कसा कळणार? जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवले आहे की, ओ’मॅली नावाच्या पाद्रीबाबांनी सुचवले, “बॉयकॉट करणे म्हणा!” महिना-दोन महिन्यांत तो लंडनच्या वर्तमानपत्रांत गेला, पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही उचलला.

आपल्याकडे १९०५ सालच्या वंगभंगाच्या चळवळीत विलायती मालावर हेच शस्त्र उगारले गेले. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला ‘बहिष्कार’ आला.

पण बहिष्कार आपल्याला नवा थोडाच होता? ‘वाळीत टाकणे’ हे गावाला आणि जातीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. फरक एवढाच की, मेयोत दुबळ्यांनी सबळाला एकटे पाडले. आपल्या गावांत पुष्कळदा सबळांनी दुबळ्याचे पाणी, दुकान आणि मजुरी तोडली. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ असे नाव दिले, त्यात हीच वेदना होती. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

तेव्हा हा शब्द पुन्हा कानी पडला, की आधी एवढे विचारा : कोण कुणाला एकटे पाडतो आहे?