प्रोसेसरच्या क्लॉक व व्होल्टेज नियंत्रणांची सुरक्षा
वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा क्लॉक-वेग व व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येतात. प्रणालीचे सर्वाधिकार मिळवलेल्या घातक सॉफ्टवेअरने वेगाच्या मानाने व्होल्टेज अपुरे ठेवले, तर गणिते चुकतात. बरोबर व चुकीची उत्तरे ताडून कूटलेखनाची गुप्त किल्ली काढता येते. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘क्लॉकस्क्रू’ हल्ल्याने नेक्सस ६ फोनच्या ‘ट्रस्टझोन’ या सुरक्षित विभागातील एईएस कूटलेखनाची किल्ली मिळवली. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ने इंटेलच्या एसजीएक्स या संरक्षित कप्प्यातील गुणाकारही चुकवून दाखवले. त्यावर इंटेलने मायक्रोकोड व बायॉस अद्यतनांद्वारे व्होल्टेज-बदलाची सोय बंद केली. वेग-व्होल्टेजच्या सुरक्षित मर्यादा हार्डवेअरमध्येच पक्क्या करणे हा अधिक भक्कम उपाय होय. वापरकर्त्यांनी उत्पादकांची बायॉस व फर्मवेअर अद्यतने वेळेवर बसवावीत.