एका ‘नको’ची नोंद

आजचा भाग मेक्सिकोतल्या मेरिदा शहरातून. युकातान राज्याच्या या राजधानीत २०१२ साली माया संस्कृतीचं मोठं संग्रहालय उघडलं, ‘ग्रान मुसेओ देल मुंदो माया’. इमारत सेइबा या त्यांच्या पवित्र झाडाच्या कल्पनेवर बांधलेली. आपल्याकडे याच झाडाला पांढरी सावर म्हणतात.

आत प्रत्येक वस्तूखाली पाटी तीन भाषांत: स्पॅनिश, माया, इंग्रजी. माया लोक नाहीसे झाले, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते खोटं. युकातानची माया भाषा मेक्सिकोत आजही साडेसात लाखांहून जास्त लोक बोलतात. पण पाटीवरची माया रोमन अक्षरांत, आणि शेजारच्या दगडावर त्यांची स्वतःची चित्रलिपी. मी त्या दोन्हींच्या मध्ये बराच वेळ उभा होतो. ही फारकत झाली कशी?

मेरिदाच्या दक्षिणेला मानी नावाचं गाव आहे. जुलै १५६२मध्ये तिथे दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मूर्ती फोडल्या आणि झाडाच्या सालीच्या कागदावरच्या पोथ्या जाळल्या. बाप्तिस्मा घेऊनही लोक जुने देव पुजतात, म्हणून त्यांचा अतोनात छळ केला. आज जगात माया पोथ्या उरल्यात फक्त चार. ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको सिटी. युकातानात एकही नाही.

लांदाच्या तक्रारी झाल्या, त्याला स्पेनला जावं लागलं. तिथे साधारण १५६६च्या सुमारास त्याने युकातानवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात चक्क माया ‘मुळाक्षरं’ दिली! म्हणजे ज्याने पोथ्या जाळल्या, त्याच्याच वहीत लिपीची किल्ली.

ती मिळवताना झालेला घोळ मराठी माणसाला लगेच कळेल. लांदा एकेक स्पॅनिश अक्षर उच्चारायचा आणि समोरचा माया लेखक ते लिहायचा. लांदा म्हणाला ‘बे’, त्याला हवा होता नुसता ‘ब्’. पण माया लिपी आपल्या बाराखडीसारखी, व्यंजनात स्वर मिसळलेला. शिवाय माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. लेखकाने वाटेवरचं पाऊल काढून दिलं. पुढे लांदाने वाक्य लिहून मागितलं, तेव्हा त्याने लिहिलं ते ‘मला नकोय’ अशा अर्थाचं. लांदाने तेही उदाहरण म्हणून इमानदारीत उतरवून घेतलं. कंटाळा होता की राग, काय माहीत. मला विचाराल तर राग.

हा ग्रंथ विस्मरणात गेला. १८६२मध्ये त्याची संक्षिप्त नक्कल माद्रिदमध्ये सापडली. पंडितांनी ती मुळाक्षरं निरुपयोगी ठरवली. १९५२मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोवने मात्र म्हटलं, ही अक्षरं नाहीत, अवयव आहेत शब्दांचे: ‘कु’ आणि ‘त्सु’ मिळून ‘कुत्स’, म्हणजे टर्की पक्षी. शेवटचा स्वर लिहायचा, पण बोलायचा नाही. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो, तसंच. त्याला मान्यता मिळायला वीसेक वर्षं गेली. त्यानंतर दगडांवरच्या राजांची नावं, जन्म, लढाया वाचता येऊ लागल्या.

बाहेर पडताना मी तिकीट खिडकीवरच्या मुलीला विचारलं, तुला ही लिपी येते का? ती म्हणाली, आजी माया बोलते, मला बोललेलं समजतं. लिपी आता शिकतेय.