भाड्याचा तिसरा माणूस

जकार्तातल्या सुदिरमान आणि तामरिन या हमरस्त्यांकडे जाणाऱ्या वाटांवर अनेक वर्षं रोज सकाळी माणसं ओळीनं उभी असत. एक बोट वर केलं की समजायचं, एकटा आहे. कडेवर मूल असलेली बाई दोन बोटं दाखवे. मोटार थांबे, भाव ठरे, माणूस आत बसे. यांना तिथे 'जॉकी' म्हणत.

हा धंदा एका सरकारी नियमातून उगवला होता. १९९२पासून या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खासगी मोटारीत किमान तीन माणसं असणं सक्तीचं होतं. नाव 'थ्री-इन-वन'. शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी एका गाडीतून जावं हा हेतू. पण सहकाऱ्याची वेळ सांभाळण्यापेक्षा थोडे पैसे देऊन अनोळखी माणूस बसवणं अनेकांना सोपं वाटलं. साहजिकच 'नियम कागदावरच आहे, सगळे पळवाट काढतात' असं मत पसरलं. त्यात कडेवरच्या मुलांना गुंगीचं औषध दिलं जातं, असे आरोप झाले. २९ मार्च २०१६ रोजी सरकारनं जाहीर केलं की ५ एप्रिलपासून नियम आधी प्रायोगिक तत्त्वावर स्थगित होईल. मे महिन्यात तो कायमचा गेला.

घोषणा आणि अंमलबजावणी यांत आठवडाभराचं अंतर होतं. रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं तेच अंतर पकडलं. गूगल मॅप्सला दर दहा मिनिटांनी 'इथून तिथे जायला आत्ता किती वेळ लागेल' असं विचारणारा प्रोग्राम त्यांनी सुरू केला. त्यामुळे नियम उठण्याआधीचे काही दिवस आणि नंतरचे आठवडे, दोन्ही एकाच मापानं मोजले गेले.

२०१७ साली 'सायन्स'मध्ये आलेले आकडे असे: या रस्त्यांवर एक किलोमीटर जायला सकाळी २.१ मिनिटं लागत, ती ३.१ झाली. संध्याकाळी २.८ची ५.३ झाली. म्हणजे संध्याकाळचा वेग ताशी सुमारे २१ किलोमीटरवरून ११वर आला. जॉकी असूनही नियम काम करत होता. पळवाट होती, पण तिला पैसे पडत होते, आणि तेवढ्यानंही पुष्कळ लोक गाडी बाहेर काढत नव्हते.

मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या रस्त्यांवर नियम कधीच नव्हता तिथेही कोंडी वाढली. नियमाच्या वेळा सोडून इतर वेळीही वाढली. वास्तविक अपेक्षा उलट होती: आडवाटेनं जाणाऱ्या गाड्या हमरस्त्यावर परततील आणि आडवाटा मोकळ्या होतील. प्रयोगाची आखणी करणाऱ्यासाठी ही धोक्याची सूचना आहे. एका रस्त्यावर बदल करायचा आणि शेजारचा रस्ता तुलनेला ठेवायचा, ही आपली नेहमीची पद्धत. इथे तुलनेचा रस्ताही बिघडला होता. दोघांची वजाबाकी केली असती तर नियमाचा परिणाम होता त्यापेक्षा कमी दिसला असता. रहदारीत एक रस्ता दुसऱ्यापासून सुटा काढता येत नाही. मोजायचं तर अख्खं शहर मोजावं लागतं.

२०१६च्याच ऑगस्टमध्ये जकार्तानं गाडीच्या नंबरप्लेटवरचा सम-विषम नियम आणला. त्यात माणसं मोजायची नव्हती, म्हणून जॉकींची गरज उरली नाही. मिनिटं मोजणाऱ्या प्रोग्रामला त्यांची बुडालेली मजुरी दिसणं शक्य नव्हतं. तो प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता. नियम चांगला की वाईट हे ठरवताना मात्र दोन्ही हिशेब लागतात: संध्याकाळची वाढलेली मिनिटं, आणि दोन बोटं दाखवणाऱ्या त्या बाईची रोजची कमाई. पहिला हिशेब नियम मोडीत निघाल्यावर हाती आला. दुसरा या आकड्यांत कुठेच नाही.