शंकुसाखळीचा वंश

परस्परांपासून दूर असलेल्या स्थळी निसर्गाचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांना आपापल्या नोंदी एकाच संगणकीय नकाशावर आणावयाच्या असतील, तर माप कोणते, मोजणीचा आरंभ कोठून आणि जमिनीच्या प्रकारांना नावे कोणती, याविषयी त्यांच्यात अगोदर करार व्हावा लागतो; आणि हा प्रश्न उपग्रहांच्या युगातच प्रथम उद्भवला अशी जी समजूत आहे, तिचे निरसन पुणे जिल्ह्याच्या जमाबंदीच्या दप्तरात होते. शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, संत कान्होराज पाठकांमुळे वारकऱ्यांस परिचित असलेले केंदूर गाव उदाहरणादाखल घेतले, तर तेथील शेताचा बांध आणि माळाची कड आज ज्या रेषांनी दाखवितात, त्या रेषांचे कूळ पावणेदोनशे वर्षांहून जुने निघते.

त्यापूर्वी माप नव्हते असे नव्हे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर ही शिवकालीन रीत सुपरिचित आहे; परंतु हात आणि मूठ माणसागणिक भिन्न, त्यामुळे एका परगण्याचा बिघा दुसऱ्याशी ताडून पाहणे दुर्घट होते. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे प्रांतात केलेली पाहणी उत्पन्नाच्या चुकीच्या अंदाजांमुळे फसली, आणि 1835च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. तेथील अनुभवावरून बांधलेले नियम 1847च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले, आणि मुंबई इलाख्याची मोजणी पुढे त्याच नियमांनी चालली.

या मोजणीचे मुख्य साधन म्हणजे शंकुसाखळी. तिची लांबी तेहतीस फूट, भाग सोळा, आणि प्रत्येक भागाला नाव आणा. साखळीभर लांब व साखळीभर रुंद असा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, असा हिशेब कोठेही अपूर्णांक न उरता जुळतो. मोजणीदार शेतातून सरळ रेषा टाकी, शंकूने काटकोन साधून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे घेई, आणि ती आकृती टिपणावर, बहुधा मोडी अक्षरांसह, उतरवी. मग काटकोन त्रिकोण व समलंब चौकोन यांचे गुणाकार करून क्षेत्र काढीत. परंतु मला विशेष वाटते ते प्रतबंदीच्या रीतीचे. प्रत्येक सर्व्हे नंबराच्या आराखड्यावर चौकटी आखीत, चौकटीगणिक जमीन खणून मातीचा रंग व खोली पाहत, चुनखडी, रेती, उतार अशा दोषांसाठी ठरीव खुणा मांडीत, आणि त्यावरून नऊ प्रतींपैकी एक प्रत ठरवून तिचे मोल आण्यांत लिहीत. वेगवेगळ्या तालुक्यांत, वेगवेगळ्या हातांनी, पण एकाच चौकटीत आणि एकाच खुणांच्या भाषेत केलेली ही नोंद म्हणजे आधुनिक परिसरविज्ञान ज्याला स्थलीय विदेचे प्रमाणक म्हणते, त्याचेच साक्षात पूर्वरूप होय.

तथापि या वंशात एक उणीव होती. गावनकाशाला गावाबाहेरचे जग ठाऊक नव्हते. त्यावर अक्षांश-रेखांश नव्हते. ते काम 1802मध्ये लॅम्बटनने मद्रासेत आरंभिलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचे, ज्यासाठी एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार 1830मध्ये गणून दिला होता. आणि ही दोन दप्तरे दीर्घ काळ एकमेकांस अपरिचितच राहिली. आज उपग्रहाधारित यंत्र ज्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर, स्थान सांगते तो निराळा असल्यामुळे, जुन्या नकाशावरचा बिंदू तसाच उचलून नव्यावर ठेवला तर आपल्या मुलखात तो शंभर मीटरच्या आगेमागे सरकतो. एवढ्या अंतरात ओढा या काठाचा त्या काठाला जातो आणि गायरान खातेदाराच्या शेतात शिरते. 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी नवा जागतिक गोलाभ स्वीकारला, तेव्हा ही अडचण तत्त्वतः तरी मिटली.

दरम्यान परिसराच्या अभ्यासकांनीही आपला करार केला होता. अमेरिकेत 1980 साली दीर्घकालीन निरीक्षणस्थळांचे जाळे उभे राहिले आणि 1993मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय भावंड जन्मले. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर जंगलातील झाडे मोजण्याची जी रीत ठरली तीच 1988मध्ये मुदुमलईच्या पन्नास हेक्टरांत आली, म्हणून तेथील खोड येथील खोडाशी ताडता येते. निरनिराळ्या संस्थांच्या संगणकांतील नकाशे एकाच पटलावर एकावर एक रचता यावेत यासाठीचा खुला संकेत 2000 साली सिद्ध झाला.

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी लागली ती माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या कामी. 2011मध्ये अहवाल देणाऱ्या या गटाने संपूर्ण घाटावर सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीला गुण दिले, आणि संवेदनशीलतेची प्रत ठरविली. विंगेटच्या चौकटींशी हे साम्य सहज डोळ्यांत भरते. पण संपूर्ण घाटाच्या गावसीमांची संगणकीय विदा एकत्र उपलब्ध नसल्यामुळे शिफारस तालुक्यानिहाय करावी लागली, आणि एका तालुक्यातील भिन्न भिन्न गावे एकाच रंगात रंगली. त्यावरून जो क्षोभ झाला, त्याच्या मुळाशी अन्य कारणांबरोबर हे न जुळलेले दप्तरही होते, असे माझे मत आहे.

केंदूर घाटात मोडत नाही. ते अवर्षणाच्या पट्ट्यातले, आणि येथे प्रश्न रेषेचा कमी, नावाचा अधिक आहे. जमाबंदीची दृष्टी महसुलाची, म्हणून जे पिकत नाही ते पोटखराबा किंवा पडीक. हीच दृष्टी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहातही उतरली. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचा माळ, धाविक आणि चंडोल यांचे घर, लांडग्याचा संचार आणि मेंढपाळांची चराई, हे सारे या एका शब्दाखाली लोपले. परिसराचे अभ्यासक मधुसूदन आणि अबी वनक यांनी अलीकडे उपग्रहचित्रांवरून अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा देशव्यापी नकाशा केला आणि तो सर्वांना खुला ठेवला; त्यात हे क्षेत्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर भरते.

2002च्या जैवविविधता अधिनियमाने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या समितीवर लोकजैवविविधता नोंदवहीचे दायित्व टाकले आहे. त्या नोंदवहीत गट क्रमांकाचा रकाना असावा, आणि त्याच गटाच्या सातबाऱ्यावर पोटखराब्याशेजारी गवताळ माळ असा स्वतंत्र प्रकार असावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. मोजणीखात्याची हद्द आणि अभ्यासकाची नोंद तेव्हाच एका भाषेत बोलतील, आणि केंदूरच्या माळाची तुलना सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील माळाशी करता येईल.