धिरडे : कापसाच्या गावातील एका तव्याचा इतिहास

‘वीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. दूध, तूप, अंडी यांपैकी काहीही न घेणारा, असा त्याचा अर्थ. त्यापूर्वी कित्येक पिढ्या वऱ्हाडातील घरांत ज्वारीच्या पिठात डाळीचे पीठ कालवून, तव्यावर तेलाचे बोट फिरवून धिरडी घातली जात होती. त्यांत दूध नव्हते, अंडे नव्हते, मैदाही नव्हता. या आहाराला कोणी निराळे नाव दिले नाही, कारण आपण काही निराळे करीत आहोत असे करणारीच्या मनातही नव्हते.

आज तोच पदार्थ ‘घरच्या घरी आरोग्यदायी वीगन पॅनकेक’ या नावाने मोबाइलच्या पडद्यावरून परत येतो, तेव्हा अनेकांना त्यात आजीचे धिरडे ओळखू येते. ओळखू येत नाही ते एवढेच की मधल्या काळात हे धिरडे गेले कोठे होते. हा थ्रेड त्याविषयी आहे. स्थळ : खामगाव, जिल्हा बुलढाणा.

आरंभ राजवाड्यापासून करणे भाग आहे, कारण लिहून ठेवण्याची सोय तेथेच होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात ‘धोसक’ नावाचा पदार्थ येतो. उडीद, चवळी, वाटाणा अशी कडधान्ये वाटून केलेला आणि तेल लावलेल्या तव्यावर भाजलेला. डोशाचे पूर्वज शोधणारे या उल्लेखापाशी हमखास थांबतात. धिरड्याचे पूर्वज शोधणाऱ्यानेही थांबायला हरकत नाही. दख्खनमध्ये वाटलेल्या डाळीचे पातळ मिश्रण तव्यावर पसरण्याची रीत निदान नऊशे वर्षांची आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मात्र राजाच्या धोसकात ज्वारी नाही. ज्वारी हे कष्टकऱ्यांचे धान्य, आणि पाकशास्त्राचे ग्रंथ सहसा कष्टकऱ्यांच्या चुलीपर्यंत जात नाहीत.

ज्वारी मुळात येथली नव्हे. पूर्व सुदानच्या गवताळ प्रदेशात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाळवली गेली आणि पुढे समुद्रमार्गे भारतीय उपखंडात आली. दख्खनच्या काळ्या मातीत आणि बेभरवशाच्या पावसात ती इतकी रुजली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्ल ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशाचे वर्णन करताना लिहितो, की येथे मुख्यतः ज्वारी पिकते, आणि तिचे ताट इतके कोवळे व गोड असते की लोक ते फळासारखे मानतात. बुलढाणा जिल्ह्याची पश्चिम सीमा आजही त्याच खानदेशाला भिडते. धिरड्यातली हिरवी मिरची मात्र अबुल फज्लच्या काळात या भागात अगदीच नवखी असणार. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली. म्हणजे ज्या पदार्थाला आपण ‘अस्सल गावरान’ म्हणतो, त्यात आफ्रिकेचे धान्य आणि अमेरिकेचा तिखटपणा आहे. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता शेताकडे. वऱ्हाडात ज्वारी खरिपाची. तिच्याबरोबर, तिच्याच ओळींमध्ये तूर, मूग, उडीद पेरण्याची रीत होती. धुऱ्याला अंबाडी, कोठे तीळ. कापूसही याच काळ्या मातीत आणि याच हंगामात येत असल्याने दोन्ही पिके आलटूनपालटून घेतली जात. ज्वारीचे दाणे माणसांना, कडबा बैलांना. तेल घाण्यावरचे, तिळाचे, जवसाचे किंवा करडईचे. ही यादी पुन्हा वाचली तर ध्यानात येते की धिरड्याचे सगळे साहित्य एकाच रानातले आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाला खानदेशात आणि लगतच्या वऱ्हाडात ‘कळणा’ म्हणतात. तव्यावर जे एकत्र येत होते, ते आधी शेतात एकत्र उगवत होते.

त्या पदार्थात दूध-तूप नसण्यामागे तत्त्वज्ञान शोधण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी रोजच्या पिठात घालावे इतके दूध नसे. ते व्रत नव्हते, ऐपतीचा प्रश्न होता.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. आठ वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे नाकेबंदीत सापडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर स्थिरावली. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, पण नजर हटली नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त होता : हॅरी रिव्हेट-कार्नाक. कोणत्या धान्यासाठी असा आयुक्त नेमल्याचे ऐकिवात नाही.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. तो खामगावातून जात नव्हता. जलंबवरून जात होता. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होते (बुलढाण्यात ते १९०५ साली आले) आणि कापसाचा मोठा बाजार म्हणून आधीच नावारूपाला आले होते. बैलगाड्यांच्या रांगा लावून कापूस जलंबपर्यंत नेणे परवडेना, म्हणून सुमारे तेरा किलोमीटरचा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. १८७० साली त्या फाट्याच्या आणि नव्या कापूस-बाजाराच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी एका तालुक्याच्या गावी तेरा किलोमीटरच्या रुळासाठी येतो, यावरून त्या रुळावरून काय जाणार होते त्याची किंमत कळावी. शिवाय १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्येच मुंबई समुद्राखालील तारेने सुएझमार्गे युरोपशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता वऱ्हाडाच्या बाजारात त्वरेने समजू लागला.

या समारंभाची वर्णने रुळांची, कमानींची आणि गाठींची आहेत. कापसाच्या गाड्या ओढून आणणारे बैल ज्या कडब्यावर पोसले गेले, तो कडबा ज्वारीचा होता, हे त्यांत कशाला येईल?

कापसाने ज्वारीला एका दिवसात हाकलले नाही. पीक फेरपालटीत ती दीर्घकाळ टिकून होती. बदलला तो धान्याचा व्यवहार. पूर्वी सुगीनंतर ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, साठवून ठेवत. बलुतेदाराला, सालदाराला, मजुरालाही धान्यातच वाटा मिळे. रोख पैशाचे, शेतसाऱ्याचे आणि सावकारीचे चक्र जसजसे घट्ट झाले, तसतसे मजुराच्या हाती दाण्यांऐवजी नाणी येऊ लागली. नाण्यांचे एक वैशिष्ट्य असे की दुष्काळात ती शिजत नाहीत. भाव वाढला की त्याच नाण्यात निम्मे दाणे येतात.

१८९९ चा पाऊस आला नाही. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. जी दर दशकाला वाढायला हवी, ती घटली.

याला कापूस कितपत जबाबदार, यावर इतिहासकारांत एकमत नाही. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडावर लिहिताना कापूस-केंद्री धोरण आणि दुष्काळ यांचा थेट संबंध जोडला आहे. मिशेल मॅकअल्पिन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतासाठी उलट बाजू मांडली : रेल्वे आणि विस्तारलेला बाजार यांमुळे टंचाईच्या प्रदेशात धान्य पोहोचू लागले आणि दीर्घ पल्ल्यात दुष्काळाची धार कमी झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण रेल्वेने धान्य स्थानकापर्यंत येते आणि ते विकत घेण्याची ताकद रेल्वे आणत नाही, ही गोष्ट मॅकअल्पिन यांच्या बाजूला जड जाते.

आजच्या आरोग्यविषयक लेखनात ज्वारीचे गुणगान पुष्कळ होते : ग्लुटेन नाही, तंतू भरपूर, वगैरे. ते खोटे नाही, अपुरे आहे. दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार आढळत असे. त्वचा काळवंडून सोलते, पोट बिघडते, पुढे मनावरही परिणाम होतो. हा आजार जगभर मका खाणाऱ्यांशी जोडला गेला होता. १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध दाखवणारे संशोधन प्रसिद्ध केले. या कार्यकारणभावावर पुढे वाद झाले. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्याला आजार होतो, हे निरीक्षण मात्र राहिले.

म्हणजे पौष्टिक होती ती एकटी ज्वारी नव्हे, तिची संगत होती. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी, डाळींत ते भरपूर. डाळींत मेथिओनीन कमी, ते धान्यातून मिळते. मेथी, अंबाडी, कोथिंबीर यांची भर वेगळी. ज्या आज्यांनी ज्वारीच्या पिठात मूठभर उडदाचे किंवा हरभऱ्याचे पीठ घातले, त्यांना ही नावे ठाऊक नव्हती. मिश्रण चांगले बांधले जाते आणि पोटाला आधार राहतो, एवढा अनुभव त्यांच्यापाशी होता. मजुराच्या ताटातून पहिल्यांदा नाहीशी झाली ती डाळ, ज्वारी नव्हे. भूक भागत राहिली आणि अंग झिजत राहिले.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी थोडक्यात. १९५० च्या दशकापासून पीएल-४८० करारान्वये अमेरिकी गहू आला आणि शिधावाटप दुकानातून तो घरोघर पोहोचला. वऱ्हाडात गव्हाची पोळी सणावाराची होती. ती आता रोजची होऊ लागली आणि भाकरी खाणे हे गरिबीचे लक्षण ठरू लागले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उतारा वाढला, पण जुन्या माणसांची तक्रार राहिली की हायब्रीडच्या भाकरीला चव नाही. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटपावर ‘मिलो’ ही परदेशी लाल ज्वारी मिळाली; रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांनी तिच्या भाकऱ्या खाल्ल्या. एका पिढीच्या मनात ज्वारी आणि लाचारी यांची सांगड तेव्हा पक्की बसली. त्या पिढीने मुलांना आवर्जून पोळी खाऊ घातली, यात तिची चूक काय?

पुढे विदर्भात सोयाबीन पसरले, २००२ नंतर बीटी कापूस आला. खरिपाच्या ज्वारीला आणखी एक जुनी व्याधी होती : कणसे भरताना पाऊस लांबला की दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडतो आणि भाव जातो. पाखरे आणि रानडुकरे उरलेसुरले संपवतात. खामगावच्या आसपास आज खरिपात सोयाबीन, कापूस आणि तुरीने रान भरलेले दिसते. ज्वारी ज्याला हवी, तो ती बहुधा विकत आणतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्या वर्षी ज्वारीच्या पाककृतींचे पेव फुटले. पेव फुटणे हा वाक्प्रचार आला त्याच धान्याच्या खड्ड्यांतून, जे वऱ्हाडातून कधीच बुजले आहेत.

ज्यांना धिरडे घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी प्रमाण असे. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन किंवा उडदाचे पीठ, बारीक चिरलेला कांदा, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, मिरची, जिरे, हळद, मीठ. पाणी घालून भज्याच्या पिठाहून पातळ कालवावे आणि पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, म्हणजे पीठ पाणी पिते. लोखंडी तवा चांगला तापवून तेल पुसावे, मिश्रण पळीने पसरावे, झाकण ठेवावे. कडा सुटून वर जाळी दिसू लागली की सराट्याने उलटावे. युरोपी पॅनकेकला अंडे जे काम करते, ते येथे डाळीचे पीठ करते. गोड हवे असल्यास कांदा-मिरची वगळून पाण्यात गूळ विरघळवावा. गुळाने ते लवकर करपते, म्हणून आच मंद ठेवावी.

आणि पीठ जुने असले तरी अडत नाही. ज्वारीचे पीठ चार-आठ दिवस राहिले की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना चिरते, कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते. असे पीठ बायका टाकून देत नसत. त्यात डाळीचे पीठ घालून, पातळ करून त्याची धिरडी घालत. शहरात पाकिटातून आलेल्या पिठाची विरी बहुधा गेलेलीच असते, त्यामुळे तेथे भाकरीऐवजी धिरड्यानेच सुरुवात करावी.