विस्तव धोंडसासारखा

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. संहितेत जे लिहिलेले नाही ते वाचायला शिका, असे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण या उपदेशाची परीक्षा आमच्यावरच येईल, आणि तीही स्वयंपाकघरात, असे वाटले नव्हते. आमच्यापैकी एकीची आई गेल्यावर तिच्या कपाटात पाककृतींची एक वही सापडली. रत्नागिरी जिल्ह्यातले माहेर, लग्नानंतर घाटावरचे बिऱ्हाड. त्या घरात मुलांच्या वाढदिवसाला एकच केक होई, रव्याचा आणि बिनअंड्याचा. बालपणी आम्ही दोघींनीही तो मनसोक्त खाल्लेला. वहीत त्याचे एक पान होते. रवा दोन वाट्या, साखर दीड वाटी, दही एक वाटी, तूप अर्धी वाटी, दूध लागेल तसे, सोडा पाव चमचा. शेवटी एकच ओळ : 'विस्तव धोंडसासारखा.'

ही ओळ आम्ही वाचली आणि ओलांडून पुढे गेलो. पहिला केक शिट्टी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये, गॅसवर ठेवला. बूड करपले, माथा मात्र पांढराफटक आणि चिकट राहिला. झाकणावर साचलेल्या वाफेचे थेंब त्यावर टपकत होते. दुसरा विजेच्या भट्टीत, वरची व खालची कांडी एकदमच लावून भाजला. या वेळी माथा आधी कडक झाला, तडकला, आणि आतला भाग कच्चाच राहिला. साहित्य तेच, माप तेच. चूक होती ती आमच्या वाचनात.

केकचा आपल्याकडचा इतिहास सहसा आयातीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पोर्तुगीजांबरोबर पाव आला आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आले. पुढे इंग्रजांच्या छावण्या आल्या, मुंबई-पुण्यात इराण्यांची उपाहारगृहे आणि बेकऱ्या आल्या, मावा केक आला. हे सारे खरे आहे. भट्टीतला पदार्थ परका मानला गेला, याचा पुरावाही आपल्या सामाजिक इतिहासात ठळक आहे. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेली, तेव्हा तेथे उपस्थित असलेल्यांची नावे छापून आली आणि मोठे ग्रामण्य माजले. टिळक आणि रानडे या दोघांचाही प्रायश्चित्ताशी संबंध आला तो याच प्रकरणात. ज्या समाजात एका बिस्किटावरून ग्रामण्य होई, त्याच समाजातल्या गृहिणी पुढे दोन-तीन पिढ्यांत मुलांच्या वाढदिवसाला हौसेने केक करू लागल्या. एवढे अंतर कसे कापले गेले?

याचे एक उत्तर रसायनशास्त्रात आहे. युरोपातला जुना केक फुगे तो यीस्टमुळे किंवा भरपूर फेटलेल्या अंड्यांमुळे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्यांनी १८४३ मध्ये यीस्टविना काम करणारी बेकिंग पावडर तयार केली. सोडा आणि आम्ल ओलाव्यात एकत्र आले की कर्बवायू सुटतो आणि पीठ हलके होते, एवढेच त्यामागचे तत्त्व. तेच काम आपल्याकडे दह्याच्या आंबटपणाने आणि खाण्याच्या सोड्याने भागले. मैद्याच्या जागी घरचा रवा आला, लोण्याच्या जागी तूप. अंडे गेले तशी धर्मशंकाही गेली. केक सोवळ्याच्या उंबऱ्याच्या आत आला तो असा, घरच्याच डब्यांतले साहित्य घेऊन.

पण साहित्य म्हणजे काही केक नव्हे. तो भाजायचा कशात आणि कसा? हा प्रश्न घेऊन आम्ही कोकणात, त्या आईच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. वहीतली ओळ ऐकून मावशी हसल्या. "अगं, तुझ्या आईला केक शिकवायला कोण येणार होतं? काकडीशिवायचं धोंडसच ते!"

धोंडस हा कोकणातला जुना पदार्थ. जून काकडी किसायची, तिच्या पाण्यातच तांदळाचा भाजलेला रवा शिजवायचा, गूळ आणि खोबरे घालायचे आणि जाड बुडाच्या पातेल्यात वर-खाली निखारे ठेवून भाजायचे. गोव्यातली तवसाळी याच कुळातली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातले भानोलेही असेच दुहेरी आचेवर होई. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली बेबिंक तर थरावर थर भाजत जाते, आणि तिथे वरचीच आच मुख्य. भट्टी नसलेल्या घरात भट्टी उभी करण्याची ही विद्या या किनाऱ्यावर धर्म-जातींच्या सीमा ओलांडून नांदत होती.

मावशींनी ती आम्हांस चुलीवर दाखवली. आधी खालची आच अगदी मंद ठेवायची आणि झाकणावर काही ठेवायचे नाही. पीठ कडेने सुटू लागले की झाकणावर करवंटीचे निखारे पसरायचे, मग खालचा विस्तव जवळजवळ काढूनच घ्यायचा. वर निखारे आले की झाकण तापते, त्यामुळे वाफेचे थेंब होऊन खाली पडत नाहीत आणि माथ्याला रंग चढतो. आमचा पहिला केक का बिघडला, ते तिथे कळले. दुसरा का बिघडला, तेही कळले. "मावशी, किती वेळ?" असे आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वास बदलला की बघायचं." हा वास कच्च्या रव्याचा नव्हे आणि करपलेल्या साखरेचाही नव्हे, तो त्यांच्या मधला. तो ओळखायला आम्हांला तीन धोंडसे लागली.

घरी परतल्यावर आम्ही विजेच्या भट्टीत हाच क्रम लावला : आधी फक्त खालची कांडी, शेवटच्या पंधरा मिनिटांत वरची. रवा मात्र आता तासभर दह्यात भिजवून घेतला, कारण मावशींच्या मते रवा पाणी पिऊन तृप्त झाल्याशिवाय आचेला दाद देत नाही. या वेळी केक जमला. चव अगदी तीच होती असे आम्ही म्हणणार नाही, पण आमच्यातली एक पहिला घास घेऊन बराच वेळ काही बोलली नाही.

मराठीत पाकशास्त्राची छापील परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१०चे. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे नेमके माप घरोघरी रुजवले. या पुस्तकांचा अभ्यास आता होऊ लागला आहे आणि तो व्हावाच. पण छापील पुस्तक अनोळखी वाचकासाठी लिहिलेले असते, म्हणून ते सगळे सांगते. घरातली वही ओळखीच्या वाचकासाठी असते. 'धोंडसासारखा' या एका शब्दात अर्ध्या दिवसाचे शिक्षण गृहीत धरलेले आहे. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर ही एका संहितेने दुसऱ्या संहितेची दिलेली साक्ष आहे. फरक एवढाच की ती दुसरी संहिता कुठेच लिहिलेली नाही, ती हातांत आणि नाकात आहे.

म्हणूनच निव्वळ आयातीचा इतिहास आम्हांस अपुरा वाटतो. केक पाहुणा म्हणून आला हे खरे, पण त्याला भाजणारा विस्तव या घरातला होता. त्या गृहिणीने परक्याचे अनुकरण केले नाही. तिने आपल्याजवळच्या कौशल्याला नवे काम दिले. पाहुण्याची नोंद इतिहासाने ठेवली. विस्तवाची नोंद तेवढी एका वहीत उरली, आणि तीही दोन शब्दांत.

अलीकडे तर साक्षीची दिशाच उलटली आहे. आता धोंडसाची ओळख 'काकडीचा केक' अशी करून दिली जाते आणि त्याची कृती भट्टीच्या अंशांत सांगितली जाते. त्या आईने केक समजावून घेतला तो धोंडसावरून. आमच्या विद्यार्थिनींना धोंडस समजावून द्यावे लागते ते केकवरून. यात कुणाचा दोष नाही. मात्र मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही त्या पानावर, मूळ ओळीखाली, वेगळ्या शाईने सव्वा पानाची टीप लिहून ठेवली आहे. टीप लिहून झाल्यावर ध्यानात आले, की तो मधला वास काही तिच्यात उतरलेला नाही. येत्या मे महिन्यात दोघीजणी आपापल्या मुलींना घेऊन मावशींकडे जाणार आहोत.