मेदिची घराण्याची माहेरवाशीण

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जाणारा प्रवासी उफिझी संग्रहालय पाहिल्यावाचून परतत नाही. बोत्तिचेल्ली, तिशियन यांची चित्रे इतक्या शतकांनंतरही त्याच शहरात राहिली, याचे श्रेय बऱ्याच अंशी एका निपुत्रिक विधवेकडे जाते. पण तिची हकीकत सांगायची तर आधी तिच्या माहेरची ओळख करून दिली पाहिजे.

मेदिची म्हणजे वैद्य. आपल्याकडे वैद्य आडनावाच्या घरी औषधाची पुडी मिळेलच असे नाही, तसेच हे. यांचा धंदा सावकारीचा. जोव्हान्नी दी बिच्ची याने १३९७ साली फ्लॉरेन्सला पेढी घातली, आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे खुद्द रोमचे पोप! वास्तविक व्याज घेणे हे त्यांच्या धर्मात पाप. यावर तोड निघाली हुंडीची. पैसे फ्लॉरेन्समध्ये द्यायचे, लंडनला तेथील नाण्यात वसूल करायचे, आणि वटावाच्या फरकात व्याज अलगद लपवायचे. वहीत ‘व्याज’ हा शब्दच नको.

वही साफ राहिली, तरी मन साफ राहीना. जोव्हान्नीचा मुलगा कोझिमो (१३८९–१४६४) याने आपल्या पैशाच्या पापाविषयी पोपला विचारले, तेव्हा सान मार्कोच्या मठावर दहा हजार फ्लोरिन खर्च करण्याचा सल्ला मिळाला, असे एका समकालीन चरित्रकाराने लिहिले आहे. प्रत्यक्षात खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. त्या मठात कोझिमोने एकांतासाठी स्वतःची खोलीही ठेवली होती. वेदीवरील चित्रात पुढे गुडघे टेकून बसलेले दोघे संत आहेत कोस्मास आणि दामियान. हे दोघेही वैद्यच, अन् कोझिमोचे नावही त्यांतील एकावरूनच! म्हणजे देवाला नमस्कार करता करता घराण्याचे नावही डोळ्यांत भरावे. हे दान, प्रायश्चित्त की जाहिरात? मला वाटते, तिन्ही. कोझिमोचा नातू लोरेन्झो याने हिशेब मांडून ठेवला आहे : १४३४ ते १४७१ या काळात इमारती, दानधर्म आणि कर यांवर ६,६३,७५५ फ्लोरिन गेले. त्याला त्याचे दुःख नव्हते.

१४९४ साली पेढी बुडाली. नाव मात्र चढतच गेले. घराण्यातले काही जण पोप झाले, दोघी लेकी फ्रान्सच्या राण्या झाल्या, आणि सावकारांचे वंशज तोस्कानाचे महाड्यूक म्हणवू लागले.

या वंशाच्या शेवटी आली आन्ना मारिया लुईझा. जन्म १६६७ चा. १६९१ मध्ये जर्मनीतील एका संस्थानिकाशी, पॅलेटिनेटच्या योहान विल्हेल्मशी, लग्न झाले. मूल जगले नाही. १७१६ साली वैधव्य आले आणि पुढल्याच वर्षी ती माहेरी परतली. भावांनाही संतती नव्हती. मुलीने गादीवर बसावे म्हणून बापाने १७१३ मध्ये सेनेटकडून ठराव करून घेतला होता, पण सम्राटाने तो मानला नाही. १७३७ साली धाकटा भाऊ वारला आणि युरोपातील बड्या राजांनी तोस्काना लोरेनच्या फ्रान्सिसला देऊन टाकला.

राज्य गेले, पण घरातील चीजवस्तू हिच्या वाट्याला आली : चित्रे, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर. तिच्या आजीने, उर्बिनोच्या व्हित्तोरियाने, लग्नात माहेरहून आणलेली तिशियनची चित्रेही त्यातच होती. ३१ ऑक्टोबर १७३७ रोजी तिने नव्या ड्यूकशी करार केला. सर्व संग्रह त्याच्या घराण्याला दिला, पण अट घातली की यातील काहीही राज्याबाहेर हलवायचे नाही. ते राज्याची शोभा म्हणून, लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी लोकांना ओढ वाटावी म्हणून तेथेच राहावे. शेवटचे कारण वाचून हसू येते. सावकाराची लेक खरी! त्याच सुमारास पार्माच्या फार्नेसे घराण्याचा संग्रह गाड्यांत भरून नेपल्सला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते.

उरलेली वर्षे तिने सान लोरेन्झोमधील कुळाच्या समाधिमंदिराचे अपुरे काम पुढे नेण्यात घालवली. १८ फेब्रुवारी १७४३ रोजी ती वारली. उफिझीची दारे सर्वांसाठी उघडली ती १७६९ साली.